पडद्यावरून पसार झालेला पहारेकरी

"लिही," आमचे हे म्हणाले. "मराठवाड्यातली सर्वांत तल्लख नजर. जिच्यातून मुंगीसुद्धा निसटत नाही. गुन्ह्याचा वास ज्याला तीन गावं आधी येतो, ज्याच्या नुसत्या खाकरण्यानं भलेभले चोर कबुलीजबाब देतात, असा एकमेव खासगी गुप्तहेर, पी. राम!"

मी लिहिलं. लिहिता लिहिता एवढंच सांगितलं, की तुमच्या उजव्या पायात तुमची चप्पल आहे आणि डाव्या पायात माझी.

"वेषांतर," ते म्हणाले.

पी. राम म्हणजे पुंजाराम, माझे यजमान. मी सुलेखा. शहरातल्या टी.व्ही. सेंटर भागात आमचं एका शटरचं दुकान आहे. पुढं माझं शिलाई मशीन, आणि मागं, परकर टांगलेल्या दोरीच्या पलीकडं, यांचं गुप्तहेर खातं. बाहेर दोघांत मिळून एकच पाटी. पेंटरनं जागा वाचवायला सगळं सलग लिहिलंय: 'खासगी तपास पूर्ण गुप्ततेने पिको-फॉल करून मिळेल.' त्यामुळं काही बायका साडी पदराखाली लपवून आणतात आणि इकडंतिकडं बघून हळूच माझ्या हातात देतात.

यांच्याकडं तोवर एकच मोठी केस आली होती. शेजारच्या वच्छलाबाईंची शेळी हरवली होती. हे तिच्या शोधात भिंग घेऊन निघाले, आणि संध्याकाळी शेळी घरी आली तेव्हा हे हरवलेले होते.

तर, दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारी एक उंच, सावळा, मिशीवाला तरुण दुकानात आला. चेहरा पार उतरलेला.

"साहेब आहेत का? एक माणूस हरवलाय."

हे परकरांमधून बाहेर आले. एक नाडी कानात अडकली होती. "वर्णन?"

"उंच. सावळा. मिशी आहे. हातात भाला."

"भाला!" यांचे डोळे चमकले. "शेवटचा कुठं दिसला?"

"शेंद्र्याला. माझ्या कॉम्प्युटरवर."

"आणि गायब कुठून झाला?"

"गंगापूरहून. सासऱ्यांच्या टीव्हीवरून. म्हणजे, होणाऱ्या सासऱ्यांच्या."

"हरवलेल्याचं नाव?"

"अंगद."

"आणि तुमचं?"

"अंगद."

"दोघं एकाच नावाचे? नात्यातले?"

"साहेब," तो पोरगा रडवेला होऊन म्हणाला, "मीच हरवलोय."

यांनी त्याच्याकडं निरखून बघितलं. एक फेरी मारली. दंडाला चिमटा काढून बघितला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "सुलेखा, लिही. हरवलेली व्यक्ती सापडली. केस बंद."

मी अंगदला स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि नीट सांगायला लावलं.

अंगद शेंद्र्याच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. मागं वेरूळच्या बाजूला 'धगधगता दरवाजा' नावाच्या ऐतिहासिक पिक्चरचं शूटिंग झालं, तेव्हा उंच माणसं पाहिजे म्हणून त्याला उभं केलं होतं. जत्रेचा सीन. मधून राणीची पालखी जाते, भोवती गर्दी, आणि अगदी डावीकडं भाला धरून पहारेकरी. तोच हा. तोंडी एक शब्द नाही. पण दिवसभर उन्हात भाला धरला म्हणून पिक्चरवाल्यांनी खूश होऊन पुढं त्याला पेन ड्राइव्हमध्ये अख्खा पिक्चर दिला.

गंगापूरला अंबिकाला बघायला गेला तेव्हा बोलता बोलता ही गोष्ट निघाली. अंबिकाचे वडील रामकिसनराव एकदम खूश. जावई सिनेमातला! पेन ड्राइव्ह ठेवून घेतला, सगळी भावकी जमवली, नव्या टीव्हीवर पिक्चर लावला. पालखी आली, पालखी गेली. अंगद काही आला नाही. पुन्हा लावला. पुन्हा नाही. भावकी जी हसत सुटली ती चहा पिऊनच उठली.

"आता ते म्हणायलेत, पोरगं खोटारडं हाय," अंगद म्हणाला. "आज भाल्याचं खोटं बोलला, उद्या नोकरीचं बोलंल. पण साहेब, माझ्याकडं त्याच पिक्चरची कॉपी आहे कॉम्प्युटरवर. त्यात मी दिसतो! शपथ. रविवारपर्यंत खरं-खोटं दाखवा, नाय तर दुसरं स्थळ बघतो म्हणालेत."

"आणि अंबिका काय म्हणते?" मी विचारलं.

तो लाजला. "ती म्हणती, मी कुठं दिसतो का म्हणून तिनं तो पिक्चर परत परत बघितला. आता तिला राणीचे सगळे डायलॉग पाठ झालेत."

मला तो पोरगा तिथंच आवडला.

"ही केस माझ्याकडं येणारच होती," हे म्हणाले. "टीव्हीचा गुन्हा, आणि आपण टी.व्ही. सेंटरला! टीव्ही कसला आहे त्यांचा?"

"फोर-के."

"हं. फोर-के. म्हणजे चार 'क'. कोण, कुठं, कधी आणि कसं. टीव्हीवाल्यांनी आमच्याच धंद्यातून उचललंय हे. अंगद, तुमचा कॉम्प्युटर घेऊन या. दोन्ही साक्षीदारांना समोरासमोर बसवून उलटतपासणी घ्यायची!"

रविवारी सकाळी आम्ही तिघं गंगापूरच्या काळी-पिवळी जीपमध्ये बसलो. कॉम्प्युटर माझ्या गोधडीत गुंडाळून यांनी छातीशी धरला होता. ड्रायव्हरनं हळू आवाजात विचारलं, "पेशंट हाय का?"

"साक्षीदार," हे म्हणाले.

ड्रायव्हरनं साक्षीदाराला पुढची सीट दिली आणि आम्हाला मागं कोंबलं.

रामकिसनरावांचं घर उसाच्या फडाला लागूनच. माणूस भारदस्त. पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्याला पटका. आम्हाला बघून म्हणाले, "या. पण आधीच सांगतो, माझे डोळे शाबूत हायेत. हा गडी त्या पिक्चरात नाय."

अंबिका दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. अंगदकडं बघून तिनं एकदा मान हलवली, घाबरू नका अशी. तिच्या आई सुगंधाबाई आत भाकरी थापत होत्या, तिथूनच म्हणाल्या, "आले का पाव्हणं? बसा."

भिंतीवर रामकिसनरावांचा पंचावन्न इंची टीव्ही, त्याला दसऱ्याचा हार अजून तसाच. खाली स्टुलावर आम्ही अंगदचा कॉम्प्युटर मांडला. म्हशीच्या शेजारी शेळी बांधावी तसं दिसत होतं. रामकिसनरावांनी रिमोट हातात घेतला, उपरण्याखाली धरून एकदोन बटणं दाबली आणि म्हणाले, "व्हऊ द्या."

दोन्हीकडं पिक्चर एकदम सुरू करायचा होता. पण टीव्ही जरासा पुढं निघाला. त्यामुळं म्हातारा राजा टीव्हीवर आधी मेला आणि कॉम्प्युटरवर थोडा वेळ जिवंत राहिला.

"नोंद कर," हे म्हणाले. "कॉम्प्युटरवर आयुर्मान जास्त."

मी खरंच नीट बघत होते. टीव्हीवर राणीचा शालू असा लालभडक, की डोळे दिपावेत. कॉम्प्युटरवर तोच शालू विटकरी. पण काठाची वीण बघायची तर कॉम्प्युटरच बरा. माणूस जवळ बसून बघतो म्हणून असेल. टीव्हीवर सगळ्यांची तोंडं गुळगुळीत. घोड्यावरून मातीत पडलेला सरदारसुद्धा पार्लरमधून उठल्यासारखा उठला. आणि टीव्हीवर सगळं कसं सरसर हलायचं, लढाईसुद्धा सासू-सुनेच्या सिरियलसारखी वाटायची.

जत्रेचा सीन आला. कॉम्प्युटरवर डावीकडं, अगदी कडेला, भाला धरून अंगद. टीव्हीवर पालखी, गर्दी, घोडे, बैल, फुगलेला तंबू. अंगद नाही.

"बघा!" रामकिसनराव मांडीवर थाप मारून म्हणाले आणि त्यांनी चित्र तिथंच थांबवलं. अंगदनंही कॉम्प्युटरवर थांबवलं.

यांनी खिशातून भिंग काढलं आणि टीव्हीला नाक लावलं. बराच वेळ तसेच राहिले. मग वळले तेव्हा नाकाला झेंडूची पाकळी होती.

"सिद्धांत पहिला," ते म्हणाले. "हा महागडा टीव्ही काळा रंग लई काळा दाखवतो. आणि अंगद, राग मानू नका, तुम्ही जरा..."

"सावळा आहे मी."

"तेच. तर टीव्हीनं सावळ्याचं काळं केलं आणि अंधारात मिसळून टाकलं."

"पण सीन दुपारचा हाय," दारातून अंबिका म्हणाली. "ऊन पडलंय सगळीकडं."

यांनी भिंग सदऱ्याला पुसलं. "सिद्धांत दुसरा. पिक्सेल! चित्र बारीक ठिपक्यांचं असतं, त्यांना पिक्सेल म्हणतात."

"पीक सेल?" रामकिसनराव दचकले. "माझं पीक अजून फडात उभं हाय. सेल कोण करायलाय?"

"तसं नाही हो. मोठ्या पडद्यावर ठिपके लांब लांब होतात. दोन ठिपक्यांच्या मधे फट पडते. अंगद बारीक. फटीत पडला."

अंगदनं स्वतःच्या पोटाकडं बघितलं. त्याला बारीक म्हणणारं बहुतेक पहिलंच माणूस भेटलं असावं.

"आणि बैल?" रामकिसनराव म्हणाले. "त्याच्या मागची शेपटी दिसायली. शेपटी नाय पडली फटीत?"

"मग टीव्हीचा रिफ्रेश रेट तपासावा लागेल," हे म्हणाले.

"रिफ्रेश व्हय? टाकते की च्या," सुगंधाबाई आतून म्हणाल्या आणि भांड्याचा आवाज आला.

यानंतर जे झालं त्याबद्दल मी यांना अजून पुरतं माफ केलेलं नाही. हे दोन्ही पडद्यांसमोर उकिडवे बसले. एकदा वर बघितलं, एकदा खाली बघितलं. आणि मग यांच्या चेहऱ्यावर तो उजेड पसरला जो मला चांगला माहीत आहे. तो पसरला की कुणाचं तरी नुकसान होतं.

"अंगद, तुमच्या कॉम्प्युटरवर चित्राच्या वर आणि खाली हे काळे पट्टे कसले?"

"ते तसंच असतंय. पिक्चर रुंद असला की येतात."

"आणि टीव्हीवर पट्टे नाहीत. टीव्हीवर चित्र वरपासून खालपर्यंत, काठोकाठ भरलेलं. बरोबर? म्हणजे टीव्हीवर पिक्चर पूर्ण, आणि कॉम्प्युटरवर तोच पिक्चर कापलेला!" हे उभे राहिले. "मग मला सांगा, पूर्ण पिक्चरात जो माणूस नाही, तो कापलेल्या पिक्चरात कसा आला?"

मी मनात म्हटलं, अहो, हा आपलं गिऱ्हाईक आहे.

"याचा अर्थ एकच," हे बोट उंचावून म्हणाले. "कॉम्प्युटरवर हा माणूस मागाहून चिकटवलेला आहे!"

"म्हंजे म्या म्हणत व्हतो तेच!" रामकिसनराव उठले. "खोटं ते खोटं, वर बनावट पिक्चर! झालं. उठा आता. हे लगीन व्हत नाय."

यांचं बोट अजून वरच होतं. आपण आपल्याच माणसाला फासावर दिलं हे बोट खाली येईपर्यंत यांच्या ध्यानात आलं. "म्हणजे... तो सिद्धांत तिसरा होता," ते पुटपुटले. "चौथाही आहे."

कुणी ऐकलं नाही. अंगद कॉम्प्युटरची वायर गुंडाळायला लागला. वायर सुटत होती, तो परत गुंडाळत होता. एवढा मोठा गडी, पण मला वाटलं आता रडतो.

अंबिका चौकट सोडून पुढं आली. "आबा," ती म्हणाली, "ते पिक्चरात असोत का नसोत. माझ्यासमोर तर उभे हायेत ना? मला ते दिसायलेत. मला तेवढं बास हाय."

"तुला कळत नाय त्यातलं."

"मग तुम्हाला तरी कुठं कळायलंय? या साहेबांना तरी?"

यांनी भिंग परत खिशात घातलं. एवढ्या वर्षांत केस अर्धी असताना भिंग आत गेलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

तेवढ्यात सुगंधाबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. टीव्हीकडं बघून वैतागून म्हणाल्या, "अहो, आता पाव्हणं तरी आलेत. ते मोठं केलेलं बारीक करा की जरा! माणसं अर्धी कापायलीत."

"काय मोठं केलेलं?" मी विचारलं.

"काय सांगू बाई. यांना ते काळे पट्टे खपत नायत. कुठला बी पिक्चर लागला, का वर-खाली पट्टे आले, की हे ते झूमचं बटण दाबतात. म्हणतात पंचावन्न इंच टीव्ही आणलाय तर पंचावन्न इंच पिक्चर दिसला पायजे, काळं कशाला बघायचं? मग ते फुगतंय नि कडेचं सगळं बाहेर जातंय. मागं एका पिक्चरात तर नवरी बोलायची, नवरा दिसायचाच नाय. मला वाटलं वेडी हाय."

सगळे रामकिसनरावांकडं बघायला लागले. रामकिसनराव उपरण्याकडं बघायला लागले.

"आधी का नाही सांगितलंत?" हे कळवळून म्हणाले.

"मला कुणी इचारलं?" सुगंधाबाईंनी ट्रे स्टुलावर ठेवला, नवऱ्याच्या हातून रिमोट काढून घेतला आणि अंगठ्यानं एक बटण दाबलं.

टीव्हीवरचं चित्र आक्रसलं. वर काळा पट्टा, खाली काळा पट्टा. आणि डावीकडून, पडद्यामागून सरकत यावा तसा, आला आमचा अंगद! हातात भाला, मिशीला पीळ, पंचावन्न इंचाच्या मानानं चांगला वीतभर उंच. घामसुद्धा दिसत होता. कॉम्प्युटरवर दिसला होता त्याच्या चौपट देखणा.

अंबिका टाळी वाजवून हसली आणि मग लाजून तिनं पदर तोंडावर घेतला. अंगद वायर हातात धरून स्वतःकडं बघत राहिला.

"सिद्धांत चौथा," हे घाईनं म्हणाले, "नेमका हाच होता."

रामकिसनराव खाकरले. माणूस हट्टी, पण खोटा नव्हता. अंगदच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जावईबापू, चुकी माझी. भावकीला परत बोलावतो. समद्यांना दाखवतो. आता बंद करा तो टीव्ही, च्या घ्या."

"थांबा," सुगंधाबाई म्हणाल्या.

त्या टीव्हीजवळ गेल्या. डावीकडं नाही, उजवीकडं. डावीकडं जेवढं कापलं जात होतं तेवढंच उजवीकडंही जात होतं ना. पण अंगदनं आजवर त्या सीनमधे स्वतःशिवाय काही बघितलंच नव्हतं, आणि आम्ही सगळे अंगदला शोधण्यात गुंतलेलो. उजव्या कडेला जत्रेची गर्दी होती. धोतरं, पटके, मुंडाशी. त्यात एक भारदस्त माणूस पालखीकडं पाठ करून उभा होता. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पटका. पिक्चरवाल्यांना तो आपलाच माणूस वाटला असणार. वेगळा पोशाख द्यायची गरजच नव्हती. एका हातात कागदाचा पुडा, दुसऱ्या हातात जिलेबी. जिलेबी तोंडाकडं चाललेली. आणि शिवकाळातल्या त्या भर जत्रेत त्याच्या मनगटावर सोनेरी पट्ट्याचं घड्याळ लखलखत होतं.

"हे घड्याळ माझ्या भावानं दिलेलं हाय," सुगंधाबाई म्हणाल्या.

रामकिसनराव दाराकडं सरकले.

"कवाचं हाय हे शूटिंग, अंगदराव?"

अंगदनं बिचाऱ्यानं खरं तेच सांगितलं. "दोन वर्षांमागचं, मामी. पौषातलं."

"पौषात तुम्ही शुगर तपासायला शहरात दवाखान्यात गेला व्हता," सुगंधाबाई शांतपणे म्हणाल्या. "सकाळचे गेलेले रातच्याला आलात. म्हणालात, लई गर्दी व्हती."

"व्हतीच की गर्दी," रामकिसनराव क्षीण आवाजात म्हणाले आणि टीव्हीकडं हात केला. "दिसायली ना."

सुगंधाबाईंनी रिमोटचं बटण दाबून पिक्चर पुढं चालू केला. कुणाला बंद करायचं सुचलं नाही. पालखी गेली, घोडे गेले, आणि त्या माणसानं दुसरी जिलेबी काढली. मग तिसरी. राणी मधोमध काहीतरी गंभीर शपथ घेत होती; आम्ही सगळे उजव्या कोपऱ्याकडं बघत होतो. इतका चांगला अभिनय त्या पिक्चरात दुसऱ्या कुणाचाच नव्हता. चवथ्या जिलेबीला त्यानं डोळे मिटले.

"घरात सहा वर्षं बिनसाखरेचा च्या करायले मी," सुगंधाबाई म्हणाल्या. "स्वतः बी तोच पिते. तुम्हाला वाईट वाटू नये म्हून."

हे ऐकून मात्र रामकिसनरावांचा चेहराच पडला. थट्टा-मस्करी सगळी संपली. ते खाली बसले. "चुकलो," म्हणाले. "वाट वाकडी करून वेरूळला उतरलो, म्हटलं जरा दर्शन घ्यावं, तिथून पुढं जावं. तिथं ती जिलेबीची कढई दिसली. मग दवाखाना राहिलाच."

अंबिका बापाशेजारी जाऊन बसली. अंगदनं खाली वाकून वायर उचलली आणि मग कुठं ठेवावी ते न कळून परत खाली ठेवली.

"उद्या मी घेऊन जातो मामांना," तो म्हणाला. "माझी दुपारची पाळी आहे. सकाळी दवाखान्यात थांबतो त्यांच्यासोबत. तपासणी होईस्तोवर हलत नाय."

सुगंधाबाईंनी त्याच्याकडं बघितलं, अगदी वरपासून खालपर्यंत. "थांबशील?"

"मी दिवसभर उन्हात भाला धरून थांबलेलो आहे, मामी."

त्या हसल्या. मग आत गेल्या, आणि थोड्या वेळानं अंगदसाठी साखरेचा चहा घेऊन आल्या.

येताना काळी-पिवळीत हे सारखे सांगत होते, की एका केसमधे दोन बेपत्ता माणसं शोधणारा मराठवाड्यात दुसरा कुणी नाही. कॉम्प्युटर मांडीवर घेऊन अंगद नुसता हसत होता. त्याला त्या दिवशी कुणी काहीही सांगितलं असतं तरी पटलं असतं.

पुढच्याच महिन्यात गंगापूरला साखरपुडा झाला. आम्हाला मानाचं बोलावणं होतं. अंबिकानं मी शिवलेला मोरपंखी ब्लाउज घातला होता. रामकिसनराव जरा वाळलेले दिसत होते, पण तुकतुकीत. पेढ्यांचं ताट फिरत फिरत त्यांच्यापाशी आलं, तेव्हा सुगंधाबाईंनी ते त्यांच्या डोक्यावरून अलगद पलीकडं दिलं आणि त्यांच्या तळहातावर मूठभर फुटाणे ठेवले. त्यांनी ते मुकाट्यानं खाल्ले.

ताट फिरून परत आलं तेव्हा बरंच रिकामं झालेलं होतं. आमचे हे ताडकन सावध झाले. माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "सुलेखा, लक्ष ठेव. इथं कुणीतरी पेढे पळवतंय."

"तुमच्या सदऱ्याच्या खिशात आहेत," मी म्हणाले. "पाच."

त्यांनी खिसा चाचपला. खाली बघितलं. मग इकडंतिकडं नजर टाकून त्यातला एक हळूच तोंडात टाकला.

"पुरावा," ते म्हणाले, "ताब्यात घेतलाय."